स्कॅनर घेण्याआधी सॉकेटमधल्या पिना पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीतले दोष स्वतः तपासण्याच्या अडॅप्टरांवर आपल्या वाहन पुरवणीत लेख आला. विषय घेतला हे बरेच झाले, कारण या वस्तूंबद्दल जाहिरातीच जास्त आणि माहिती कमी अशी स्थिती आहे. पण ‘आवृत्तीचा आकडा जितका मोठा तितके यंत्र चांगले’, ‘सगळ्या गाड्यांना चालते असे वेष्टनावर लिहिलेले घ्यावे’ आणि ‘एकदा लावले की कायम लावून ठेवावे’ हे त्यातले तीन सल्ले वाचकाला नको त्या खरेदीकडे नेणारे आहेत. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी यंत्र काय वाचते ते पाहू. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर जो कोड साध्या अॅपवर दिसतो, तो कायद्याने सक्तीचा केलेला भाग आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना २००४ पासून ही ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच दोष ओळखून नोंदवण्याची व्यवस्था सक्तीची झाली. तिचा हेतू धुरावर नजर ठेवण्याचा. त्यामुळे मिसफायर, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंधनाची वाफ अशा गोष्टी तिच्यात येतात. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, दरवाजे, एसी हे तिच्या कक्षेत नाहीत. गाडीतल्या छोट्या संगणकांना (ईसीयूंना) जोडणाऱ्या दोन तारांच्या कॅन जाळ्यावर ही सर्वसाधारण विचारणा ७डीएफ या सामायिक पत्त्यावर जाते आणि उत्तरे ७ई८ ते ७ईएफ या पत्त्यांवरून येतात. एबीएसचा ईसीयू सहसा वेगळ्याच पत्त्यावर असतो आणि कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा जळतोय आणि अॅप मात्र ‘एकही दोष नाही’ म्हणतेय, असे होते ते यामुळेच. अॅप खोटे बोलत नसते. त्या ईसीयूला त्याने काही विचारलेलेच नसते.

तेव्हा खरेदीआधी ठरवायचे ते हे की काम नुसते वाचण्याचे आहे, करून घेण्याचे आहे की लिहिण्याचे. कोड आणि चालू आकडे बघणे हे वाचणे. ब्रेकमधली हवा काढताना एबीएसचा पंप चालवणे, डीपीएफ या डिझेलच्या धुराच्या गाळणीतली काजळी जाळून साफ करणे, नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचा कोड नोंदवणे, बॅटरी बदलल्याचे गाडीला सांगणे हे करून घेणे. ईसीयूमधला प्रोग्रॅमच बदलणे हे लिहिणे. या तिन्ही कामांची यंत्रे वेगळी, धोके वेगळे आणि चुकीची किंमतही वेगळी. पहिल्या कामात चूक झाली तर वेळ जातो, तिसऱ्यात ईसीयू जातो.

यानंतर सॉकेटकडे वळावे. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये सगळ्या पिना भरलेल्या नसतात, आणि टॉर्च मारून भरलेल्या कोणत्या हे पाहिले तर निम्मा निर्णय तिथेच होतो. ४ आणि ५ या अर्थ, म्हणजे ऋण, १६ वर बॅटरीचा थेट धन पुरवठा. हे तीन सगळीकडे. ६ आणि १४ भरलेल्या असतील तर कॅन आहे. ७ भरलेली असेल, कधी सोबत १५, तर के-लाइन, म्हणजे कॅनआधीची जुनी जोडणी. २ आणि १० वर जे१८५० ही आणखी एक जुनी पद्धत, म्हणजे प्रामुख्याने जुन्या अमेरिकी गाड्या. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून कॅन सक्तीचे झाले, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत धुराच्या तपासणीपुरता तरी हा घोळ संपला. बाकीच्या पिना कंपनीच्या मर्जीच्या, आणि खरी मेख तिथेच आहे. फोर्डने दुसरे, मध्यम वेगाचे कॅन ३ आणि ११ वर दिले. जीएमने बऱ्याच गाड्यांत एका तारेचे कॅन पिन १ वर दिले. बीएमडब्ल्यूच्या जुन्या ई मालिकेत ७ आणि ८ या दोन्ही पिनांवर के-लाइन येते, तर साधारण २००७ नंतरच्या गाड्यांत त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. म्हणून त्या गाड्यांच्या केबलवर बारीकसा स्विच असतो. फोर्डच्या दरवाजाच्या मॉड्यूलशी बोलायचे असेल आणि अडॅप्टरमध्ये ३ व ११ ची जोडणीच नसेल, तर सॉफ्टवेअर कितीही भारी घ्या, तिथपर्यंत आवाज पोचणार नाही.

मल्टिमीटर हाताशी असेल तर यंत्र विकत घेण्याआधी, किंवा घेतलेल्या यंत्राला नावे ठेवण्याआधी, दोन मोजमापे करावीत. इग्निशन बंद करून, दरवाजे लावून गाडीला झोपू द्यावे. सगळे ईसीयू शांत व्हायला काही गाड्यांत १० मिनिटे, काहींत त्याहून जास्त लागतात. मग ६ आणि १४ यांच्यामध्ये रोध मोजावा. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, म्हणून समांतर जोडणीत ६० च्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र सॉकेट आणि बाकीचे जाळे यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे संदेश गाळून पुढे सोडणारा ईसीयू, असेल तर हा आकडा फक्त गेटवेपर्यंतच्या तुकड्याचा असतो, त्यावरून आतल्या तारांचा निकाल देऊ नये. दुसरे मोजमाप इग्निशन चालू करून: ६ आणि १४ दोन्हींवर अर्थच्या तुलनेत अडीच व्होल्टच्या आसपास, ६ वर किंचित जास्त, १४ वर किंचित कमी. के-लाइनच्या पिन ७ वर जवळजवळ बॅटरीइतका दाब दिसतो. १६ वर काहीच नसेल तर फ्यूज पाहावा. पुष्कळ गाड्यांत तो सिगारेट लायटरच्या सॉकेटशी सामायिक असतो आणि तिथे स्वस्त चार्जर लावताना उडालेला असतो. ‘स्कॅनर खराब निघाला’ म्हणून परत केलेल्या कित्येक यंत्रांचा गुन्हा एवढाच असतो.

आता त्या आवृत्तीच्या आकड्याबद्दल. ईएलएम३२७ ही कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची चिप, अशा अडॅप्टरांत गाडी आणि अॅप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी. तिच्या पहिल्या आवृत्तीतला प्रोग्रॅम कुलूपबंद नव्हता. तो उतरवून घेतला गेला आणि जगभर नकला निघाल्या. मूळ कंपनीने २०२२ मध्ये गाशा गुंडाळला, नकला मात्र जोरात आहेत. ज्या ‘१.५’ आवृत्तीची शिफारस हटकून केली जाते, तशी आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नाही. ‘२.१’ चे स्टिकर लावलेल्या कित्येक नकलांत तर ‘१.५’ वाल्यांपेक्षाही कमी आज्ञा चालतात. आकडा हा यंत्राने स्वतःबद्दल केलेला दावा आहे, आणि दावा करायला चिपला काही लागत नाही.

खरे-खोटे पाहायचे तर फोनवर किंवा लॅपटॉपवर साधे टर्मिनल अॅप घ्यावे, अडॅप्टरशी जोडावे आणि आज्ञा हाताने इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात. एटीझेड (ATZ) दिले की चिप नव्याने सुरू होऊन आपले नाव सांगते. एटीआरव्हीवर बॅटरीचा दाब येतो. तो मल्टिमीटरशी ताडून पाहावा, अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर यंत्राच्या बाकी आकड्यांवरही जपूनच विश्वास ठेवावा. मग एटीपीपीएस द्यावे. खरी चिप बदलता येणाऱ्या सेटिंगांची लांब यादी देते, नक्कल बहुधा प्रश्नचिन्ह देऊन गप्प बसते. एटीएएल ही लांब संदेश स्वीकारण्याची आज्ञाही अशीच तपासावी. शेवटी इग्निशन चालू करून ०१०० टाइप करावे. ४१ ०० ने सुरू होणारे उत्तर आले म्हणजे गाडीशी बोलणे झाले. त्यानंतर एटीडीपी दिले की कोणता प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची पद्धत, लागला ते कळते.

नुसते कोड वाचण्यापुरती नक्कलही पुरते, हे कबूल करायला हवे. ती अडते वेगात आणि लांब उत्तरांत. प्रत्येक विचारणेनंतर ‘आणखी कोणी उत्तर देतेय का’ म्हणून चिप थोडी थांबते. मूळ चिपमध्ये ही कमाल मर्यादा सुमारे २०० मिलिसेकंदांची असते. विचारणेच्या शेवटी १ हा अंक जोडला, म्हणजे आरपीएम विचारणाऱ्या ०१०सी ऐवजी ०१०सी१ लिहिले, तर पहिले उत्तर येताच ती थांबणे सोडते आणि आरपीएमचा काटा लगेच सरसर हलू लागतो. कॅनवर एकाच विचारणेत सहापर्यंत आकडे मागता येतात. दर्जेदार अॅप हे दोन्ही स्वतःहून करतात, पण नकलेला लांब उत्तर झेपले नाही की तेच अॅप मध्येच तुटते आणि दोष अॅपला जातो. एसटीएन या दुसऱ्या जातीच्या चिपवर चालणारे ओबीडीलिंकसारखे अडॅप्टर ईएलएमच्या आज्ञा समजतात आणि वर स्वतःच्या वेगळ्या आज्ञा देतात. त्यातल्या एमएक्स प्लसमध्ये फोर्डचे मध्यम वेगाचे आणि जीएमचे एकतारी कॅनही आहे. वाचण्याच्या पातळीवर बढती घ्यायची तर ती या दिशेने घ्यावी.

जोडणी कशी असावी याचा निकाल सोपा आहे. आयफोनला साध्या क्लासिक ब्लूटूथचे अडॅप्टर चालत नाहीत. त्याला ब्लूटूथ एलई किंवा वायफायचे लागते, नाहीतर अॅपलची मान्यता असलेले. वायफायवाल्यात फोन अडॅप्टरच्या जाळ्याला जोडून अॅपमध्ये बहुतेक वेळा १९२.१६८.०.१० हा पत्ता आणि ३५००० हा पोर्ट भरावा लागतो. तेवढ्या वेळात फोनचे इंटरनेट गेलेले दिसले तर घाबरू नये. करून घेण्याच्या कामांना बिनतारी जोडणी शक्यतो टाळावी, आणि लिहिण्याच्या कामाला तर यूएसबीचीच. निर्मात्याने बिनतारी फ्लॅशिंगला, म्हणजे ईसीयूत प्रोग्रॅम लिहिण्याला, मान्यता दिली असेल ती गोष्ट निराळी.

यूएसबी केबलींत एक छोटी गोष्ट फार छळते. एफटीडीआय या कंपनीच्या चिपवर चालणाऱ्या केबलीत ती चिप माहिती साठवून १६ मिलिसेकंदांनी एकदा पुढे ढकलते. के-लाइनचे वेळापत्रक तंग असते, त्यात एवढा उशीर खपत नाही आणि ‘ईसीयू उत्तर देत नाही’ असा संदेश येतो. उपाय असा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सखाली ती केबल शोधावी, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, मग अॅडव्हान्स्ड, आणि तिथे लेटन्सी टायमर १६ वरून १ करावा. जुन्या सॉफ्टवेअरला कॉम पोर्टचा क्रमांकही लहान लागतो, तो त्याच खिडकीत बदलता येतो. नकली एफटीडीआय चिपची आणखी एक गंमत म्हणजे २०१४ मध्ये कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने अशा चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता आणि चालत्या केबली एका अपडेटनंतर मुक्या झाल्या होत्या. चालत असलेल्या जोडणीचा ड्रायव्हर आपोआप बदलू न देणे शहाणपणाचे.

एक्स्टेन्शन केबल घेताना तिच्यात सगळ्या १६ तारा आहेत का हे मल्टिमीटरने पाहावे. स्वस्त चपट्या केबलीत नऊच तारा सापडतात. कॅनच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असाव्यात आणि गाडीपासून यंत्रापर्यंतची लांबी ५ मीटरच्या आत असावी. २४ व्होल्टच्या मोठ्या वाहनांचा सॉकेट वेगळ्या खाचेचा असतो आणि १२ व्होल्टचा प्लग त्यात बसू नये अशीच ती खाच केलेली आहे. ती कानस मारून बसवण्याचे प्रकार घडतात. पुढे काय होते ते जळक्या वासावरून कळते.

लिहिण्याच्या कामासाठी जे२५३४ हे अमेरिकी मानक पाहावे, एकाच यंत्रातून वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचे प्रोग्रॅमिंग करण्याचे. अमेरिकेच्या नियमांनी २००४ च्या मॉडेलपासून गाडी कंपन्यांना आपले प्रोग्रॅमिंग अशा सामायिक यंत्रांतून करू देणे भाग पाडले. यात यंत्र हे केवळ नळीचे काम करते. सॉफ्टवेअर गाडी कंपनीचे, त्याची वर्गणी वेगळी, प्रोग्रॅमची फाइल त्यांच्या सर्व्हरवरची. म्हणून ‘जे२५३४ आहे’ एवढ्यावर न थांबता गाडी कंपनीने तपासून मान्य केलेल्या यंत्रांच्या यादीत ते मॉडेल आहे का हे बघावे. मूळ मानकात काही पिनांवर ५ ते २० व्होल्टचा प्रोग्रॅमिंग दाब देण्याची सोय मागितली आहे. जुन्या फोर्डना पिन १३ वर १८ व्होल्ट लागतात. स्वस्त यंत्रात हे सर्किटच नसते आणि काम सुरू केल्यावरच ते उमगते. अवजड वाहनांसाठी आरपी१२१० आणि जे१९३९ या मानकांचा वेगळा संसार आहे, त्यात कारचे यंत्र घुसवू नये.

फ्लॅशिंगमध्ये ईसीयू मरतात त्यामागे इंटरफेसपेक्षा बॅटरीच जास्त वेळा असते. इग्निशन चालू, इंजिन बंद अशा अवस्थेत काम चालते. इंजिनाचा ईसीयू कामावर नसल्यामुळे कित्येक गाड्यांत रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो. दाब १२ च्या खाली घसरला, एखाद्या ब्लॉकचे लेखन अर्धवट राहिले, की गाडी स्टार्टरलाही दाद देत नाही. साधा चार्जर लावून भागत नाही, कारण त्याचा दाब लहरी असतो आणि बॅटरी भरली असे वाटताच तो हात आखडता घेतो. साडेतेरा व्होल्टवर स्थिर राहणारा, ५० अँपिअर तरी देणारा पुरवठा लागतो. मोठ्या गाड्यांना त्याहून अधिक. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद, अपडेट बंद, यूएसबी हब नाही. दिवे, पंखा, रेडिओ बंद. सुरुवातीला सगळ्या मॉड्यूलांचे स्कॅन करून फाइल जपावी आणि जुने कोडिंग, म्हणजे ईसीयूंतल्या सेटिंगा, लिहून ठेवावे. नंतर ‘हे आधी कसे होते’ या प्रश्नाला दुसरे उत्तर नसते.

बढती कधी घ्यावी, याचेही थोडे. गाडी नवी असेल तर जुन्या यंत्राला तीन भिंती आडव्या येतात. पहिली इथरनेटची, म्हणजे संगणकांच्या जाळ्याच्या वेगवान जोडणीची. बीएमडब्ल्यूच्या एफ मालिकेपासून प्रोग्रॅमिंग एनेट नावाच्या इथरनेट केबलीवरून होते, आणि डीओआयपी या इथरनेटवरून तपासणी करण्याच्या मानकात इथरनेट सॉकेटच्याच मोकळ्या पिनांवर येते. या केबलीत पिन ८ आणि १६ यांच्यामध्ये ५१० ओहमचा रोध असतो, त्याच्याशिवाय गाडी इथरनेट जागे करत नाही. केबल लावली पण गाडी दिसत नाही, असे झाले तर आधी हा रोध मोजावा. दुसरी भिंत कॅन एफडी या कॅनच्या नव्या रूपाची. साध्या कॅनच्या एका संदेशाच्या चौकटीत ८ बाइट, हिच्यात ६४. जुना कॅन कंट्रोलर ही चौकट ओळखत नाही आणि चूक समजून जाळ्यावर स्वतःच चुकीचा इशारा टाकतो. २०२० च्या आसपास आलेल्या जीएमच्या काही गाड्यांपासून हे प्रत्यक्षात आडवे येते. इथे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्रॅम, बदलून काही होत नाही, यंत्रच नवे लागते.

तिसरी भिंत परवानगीची, आणि इथे लोक हमखास फसतात. २०१८ च्या मॉडेलपासून फियाट-क्रायस्लरच्या गाड्यांत सिक्युरिटी गेटवे आले. २०२० पासून फोक्सवॅगन गटाच्या नव्या गाड्यांत एसएफडी हे तसेच कुलूप आले. गाडी कोड वाचू देते, पण पुसण्याआधी किंवा कोडिंगआधी निर्मात्याच्या सर्व्हरची संमती मागते. आधीच्या पिढीत हे कुलूप यूडीएस या ईसीयूशी बोलण्याच्या मानकातल्या २७ क्रमांकाच्या सेवेत होते, २०२० च्या मानकात त्यासाठी २९ ही नवी सेवा आली. ही अडचण नव्या, महाग यंत्राने सुटत नाही. नोंदणीकृत खाते आणि त्याला जोडलेले सॉफ्टवेअर लागते. म्हणून यंत्राऐवजी त्याच्या निर्मात्याकडे त्या त्या गाडी कंपनीची अधिकृत संमती आहे का, आणि ती वर्षाच्या वर्गणीत येते का, हे विचारावे.

या तीन भिंती समोर नसतील तर बहुतेकांना नव्या यंत्राची गरज नसते. आधी सॉफ्टवेअर सुधारावे, मग केबल आणि ड्रायव्हर. फर्मवेअर बदलायचे असेल तर निर्मात्याच्या प्रोग्रॅममधून, तारेवरून, गाडीचा दाब स्थिर ठेवून. नकली यंत्राचे फर्मवेअर मुळीच बदलू नये. अस्सल सॉफ्टवेअर नक्कल ओळखते आणि यंत्र तिथेच निकामी होते. जुने यंत्र विकत घेताना परवाना गाडीच्या चासी क्रमांकाशी बांधलेला आहे का हे पाहावे. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठीच्या रॉस-टेकच्या हेक्स-व्ही२ या यंत्राची एक आवृत्ती ३ गाड्यांपुरती, दुसरी १० गाड्यांपुरती असते, आणि आधीच्या मालकाने ती संख्या संपवलेली असू शकते.

राहिला ‘कायम लावून ठेवावे’ हा सल्ला. पिन १६ वर इग्निशन बंद असतानाही पुरवठा असतो. न झोपणारा ब्लूटूथ अडॅप्टर ४५ मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला एक अँपिअर-तासाहून थोडे जास्त होते. तीन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीची ४५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यात निम्मी रिकामी होते, आणि गाडीचे स्वतःचे झोपेतले खर्च वेगळे. शिवाय १२३४ हा जोडणीचा संकेतांक असलेला अडॅप्टर ब्लूटूथच्या टप्प्यात येणाऱ्या कोणालाही गाडीच्या जाळ्यात शिरू देतो. सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशाच सॉकेटमध्ये लावलेल्या उपकरणाला मोबाइल संदेश पाठवून एका कॉर्व्हेटचे ब्रेक चालवून आणि बंद पाडून दाखवले होते. कायम लावायचाच असेल तर स्वतःहून झोपणारा आणि बटण दाबल्याशिवाय नवा फोन न स्वीकारणारा अडॅप्टर घ्यावा. बाकीचे अडॅप्टर काम झाले की काढून ठेवावेत.

पुरवणीत या विषयाचा दुसरा भाग येणार असल्याचे म्हटले आहे. त्यात पिनांचा तक्ता छापावा आणि ‘१.५’ आवृत्तीची शिफारस मागे घ्यावी, ही विनंती.

आपला,
वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणारा एक वाचक